विमानाच्या नळीतली काडी

इतक्या वर्षांनीही त्या प्रकरणाची आठवण निघाली की मला माझीच लाज वाटते.

पन्नासच्या दशकात मी चाकणला फौजदार होतो. मुंबईचा एक श्रीमंत, हौशी तरुण स्वतःचं छोटं विमान घेऊन एकटाच लंकेला निघाला होता. इंजिन तापलं म्हणून तो एका गावाबाहेरच्या माळावर उतरला. उतरताना शेजारचा हरभरा चाकाखाली गेला. शेतकरी भडकला आणि चारचौघांत म्हणाला, "आता हितनं कसा उडतुयास त्येच बघतो!"

दुसऱ्या दिवशी देहूरोडच्या मेकॅनिकने इंजिन दुरुस्त केलं. विमान धावू लागलं, पण वेगाचा काटा हलेना. तरुणाने घाईने ब्रेक दाबले, आणि विमान विहिरीपासून चार हातांवर थांबलं. पंखाखाली एक बारीक नळी असते, तिच्यात हवा शिरली की वेग कळतो. ती कुणीतरी बुजवली होती. घातपाताची फिर्याद दाखल झाली. खबऱ्याने ती धमकी माझ्या कानावर घातली आणि मी शेतकऱ्याला उचलून आणलं.

"मला ठावं न्हाई" यापलीकडे तो बोलेना. मी एक कानाखाली वाजवली. तरी तेच. मग म्हणालो, "थांब, तुझ्या घरच्यांनाच इथं आणतो." तसा तो झटकन म्हणाला, "म्याच केलं सायेब. नळीत माती कोंबली."

मी खूश! जबाब लिहिता लिहिता आमचे म्हातारे हवालदार थांबले.

"साहेब, पंचनाम्यात माती न्हाई. बांबूची जळकी काडी हाय."

शेतकऱ्याने मान खाली घातली. घरच्यांचं नाव काढताच तो कबूल झाला होता, म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची आई ओसरीवर डाळ निवडत होती. विमानाचं विचारताच तिने सरळ सांगून टाकलं.

"त्या पोराला समिंदरावरनं जायाचं हाय म्हनं. त्याची बी आई वाट बघत आसंल. म्हनून इमानाला कुक्कू लावलं. उदबत्ती खोवायला ती नळी बरी गावली."

विमानाच्या नाकावरचं कुंकू आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. वाहनाला कुंकू असायचंच, म्हणून पंचनाम्यात कुणी लिहिलंही नाही. लेकाने मात्र आईला उदबत्ती लावताना पाहिलं होतं. म्हातारीला चौकीत बसवतील, या भीतीने त्याने काडीचं नाव न घेता गुन्हा स्वतःवर घेतला.

तरुणाने फिर्याद मागे घेतली आणि तो म्हातारीच्या पाया पडला. तेव्हापासून कबुली चटकन मिळाली, की हा माणूस कुणाला वाचवतोय, ते मी आधी पाहत आलो.

विमान उडालं त्या दिवशी सगळा गाव माळावर होता. शेतकरी तेवढा हरभऱ्यात काम करत होता. माफी मागायची म्हणून मी बांधावर गेलो आणि रामराम करायला हात उचलला. तो दचकून दोन पावलं मागे सरकला.