हायमावशीची पाटी

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी शब्दाच्या पोटातला 'ह' सरळ गिळून टाकत. आम्ही म्हणजे आमी, तुम्ही म्हणजे तुमी, म्हैस म्हणजे मैस. असे वाचवलेले सगळे 'ह' त्या एकाच शब्दावर उधळत, आणि तो शब्द म्हणजे 'हाय'. मीठ आहे का विचारलं की 'हाय'. सरपण आहे का, 'हाय'. मावशी, बऱ्या आहात ना, 'हाय'. हे 'हाय' इतक्या दणक्यात येई की फळ्याकडं तोंड करून उभी असलेली मी दचकायची आणि काढत असलेल्या अक्षराचा काना वाकडा व्हायचा. पोरांनी त्यांचं नाव हायमावशी पाडलं होतं. मावशींना ते मनापासून आवडायचं.

शाळा पळसदरीची. स्टेशनापासून चालत पंधरा मिनिटं, वर्ग चार, शिक्षक दोन. त्यातली मी घाटावरून आलेली, आणि नुसती शिक्षिका नाही, तंत्रस्नेही शिक्षिका. तसं प्रमाणपत्र मिळालं होतं मला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून ते कपाटाच्या काचेला आतून चिकटवलं होतं. शाळेत टॅब आले, मग प्रोजेक्टर आला, तेव्हा माझा तोरा काय विचारता. मावशींनी ते प्रमाणपत्र कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि गावभर सांगितलं, "आमच्या बाईंना तंतर येतं." सोमवारी एक आजी दूध न देणारी म्हैस घेऊन शाळेच्या दारात उभी. मी तिला तासभर समजावलं, पण म्हशीच्या कपाळावर हात ठेवल्याशिवाय ती काही हलली नाही.

मावशींना अक्षरओळख नव्हती, पण फोनची भीतीही नव्हती. आम्ही शिक्षक म्हणजे प्रशिक्षणाला जाणार, वहीत टिपून आणणार आणि मग घाबरत घाबरत बटण दाबणार. मावशी आधी दाबणार आणि मग काय झालं ते बघणार. "खिचडी करपंल मनून कोन चूल पेटवायचं थांबतं का, बाई?" असं त्यांचं म्हणणं. बोललेलं लिहून देणारा फोनमधला माइक त्यांनी असाच दाबादाबीत शोधून काढला. आलेला मेसेज फोन वाचूनही दाखवतो, हे मात्र मी शिकवलं. बातम्या सांगितल्यासारखी शुद्ध बोलणारी ती फोनमधली बाई मावशींना फार पसंत पडली. मी शाळेतली बाई, ती फोनमधली बाई. सकाळी तांदूळ धुताना तिला विचारायच्या, "काय गं, जेवलीस का?" ती काही जेवलेली नसायची, आणि मावशींना तिची खरंच काळजी वाटायची.

ही सगळी धडपड होती दोन खोल्यांसाठी. मावशींच्या घरामागं, धरणाच्या अंगाला, त्यांच्या दोन खोल्या होत्या. नवऱ्यानं पाया घातला आणि तो गेला. भिंती मावशींनी स्वतः विटा वाहून उभ्या केल्या. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याची माणसं यायची, धरणावर भिजायची, मावशींच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या खायची. पण आता लोक दारात येऊन विचारेनासे झाले. जो तो फोनवर लिहून विचारायचा. खोपोलीला कंपनीत असलेला त्यांचा मुलगा एक दिवस म्हणाला, "आई, तुला लिवता-वाचता येत नाय. कर्जतचा एक एजंट खोल्या मागतोय. ॲपवर टाकील, सगळं तोच बगंल. तू फक्त चा-नाश्ता बनव."

"माज्या घरात मी नोकरीला?" मावशी म्हणाल्या.

दोन दिवस मायलेकांचं बोलणं बंद होतं. शेवटी ठरलं ते असं: दसऱ्यापर्यंत आईनं एकटीनं फोनवरून खोल्या चालवून दाखवायच्या. नाही जमलं, तर दसऱ्याला किल्ल्या एजंटच्या हातात.

पहिले तीन आठवडे एक माणूस फिरकला नाही. मेसेज तर धडाधड येत होते. मावशी फोन घेऊन माझ्याकडं आल्या. "बगा बाई, मी तर सगळ्यांना हाय मनते. मंग येत का नाय कोन?" मी वाचायला घेतलं.

"शनिवारी खोली आहे का?"

"हाय."

"हाय. शनिवारी खोली आहे का?"

"हाय."

"हॅलो. दोन माणसं, शनिवार, खोली मिळेल?"

"हाय हाय."

"एसी आहे का?"

"नाय."

"स्विमिंग पूल?"

"नाय."

"बरं, निदान खोली तरी?"

"हाय."

आणि त्या बिचाऱ्यानं बायकोला लिहायचा तो मेसेज चुकून मावशींनाच पाठवलेला: "माणूस नाही गं, मशीन आहे. आपण माथेरानला जाऊ."

तो माणूस नमस्कारावर नमस्कार घालत होता, आणि मावशींचे नकार तेवढे अचूक पोचत होते. मी हसता हसता खुर्चीवरून घसरले. मावशी हसल्या नाहीत. "हाय मंजे हाय. त्यात न कळन्यासारखं काय हाय?" त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून पातेली घासून झाली की मावशी पाटी घेऊन पहिलीच्या वर्गात बसायला लागल्या. मी म्हटलं, "म्हणा, आहे." त्या कडू गोळी गिळल्यासारखं तोंड करून म्हणाल्या, "हाय." माझी पोरं एरवी स्वतः हाय-नाय करणारी. त्यांच्या वह्यांतलं 'हाय' लाल शाईनं खोडता खोडता माझी किती पेनं संपली होती. आता त्यांना चुका काढायला कुणीतरी मिळालं. सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "मावशी, हाय नाय, आहे." मग मलाच कळेना, मी नक्की कुणाला शिकवतेय.

आठवडाभरात मावशी 'आहे' म्हणायला लागल्या. पण शब्दाच्या पोटात 'ह' ठेवायची सवय नाही, त्यामुळं तिथं पोचता पोचता त्यांचा इतका दम जायचा की पुढचा सूर भलतीकडंच उतरायचा. वर्गात ते चालून गेलं. फोननं मात्र ऐकलं ते लिहिलं. ठाण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, "शनिवारी खोली आहे का?" मावशींनी माइकवर जीव तोडून उत्तर दिलं. फोननं लिहिलं, "अहो."

"बोला," गृहस्थ म्हणाले.

"अहो."

"कोण?"

"अहो, अहो."

तासाभरात फोन वाजला. मी शेजारीच होते. पलीकडं गृहस्थांची बायको. "माझ्या नवऱ्याला अहो म्हणणारी तुम्ही कोण?"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "मी खिचडी शिजवते."

पुढचा अर्धा तास ती बाई काय काय विचारत होती आणि मावशी काय काय सांगत होत्या. आधी खिचडी, मग खोल्या, मग मुलगा, मग एजंट, मग 'ह'. शेवटी पलीकडून ती बाई हसते आहे की रडते आहे तेच कळेना. शनिवारी ती नवऱ्याला घेऊन हजर. मावशींनी दारातच त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "हेच का ते अहो?" गृहस्थ लाजून लाल झाले. रविवारी दुपारी जाईपर्यंत घरात त्यांना दुसरं नाव राहिलं नाही, आणि भाकऱ्या मात्र त्यांनी मोजायच्या सोडून दिल्या.

घरी गेल्यावर त्या बाईनं खोल्यांबद्दल चार ओळी लिहून फोनवर सगळ्यांना दिसतील अशा टाकल्या. त्यातली शेवटची ओळ मला अजून पाठ आहे: "मावशींचं उत्तर 'हाय' असं आलं, तर तो नमस्कार समजू नका, बॅग भरा." झालं. पुढच्या आठवड्यापासून लोक तेवढ्यासाठीच विचारायला लागले. मोठमोठ्या कंपनीतली शिकलेली माणसं लिहायची, "मावशी, हाय का?" मावशी सांगायच्या, "हाय." आणि माणसं यायची.

मग मावशींनी कुंपणावर लावायला पाटी करायचं काढलं. त्यांना गिरवता यावं म्हणून मी खडूनं सुरेख अक्षरात 'खोली आहे' लिहून दिलं. त्यांनी ते पदरानं पुसलं. "लोकं आहे बगायला येत नाय, बाई. हाय बगायला येतात." पूर्ण एक रविवार खपून त्यांनी ऑइलपेंटनं स्वतः लिहिलं. 'य'चा दांडा पाटीच्या बाहेर जाऊन कुंपणाच्या खांबावर उतरला होता. आयुष्यात त्यांनी लिहिलेला हा पहिला शब्द: हाय. पाटीच्या मागं लिहिलं, नाय. खोली रिकामी असली की हाय पुढं, भरली की पाटी उलटी. एवढं सोपं बुकिंग मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं.

दसऱ्याला मुलगा एजंटला घेऊन आला, तेव्हा पाटी उलटी होती. एजंट म्हणाला, "नाय म्हणजे? खोल्या नाहीत?" मावशी म्हणाल्या, "हायत. भरल्यात." मुलगा आत डोकावून आला, पाटीकडं बघितलं, आईच्या कमरेच्या किल्ल्यांकडं बघितलं आणि तिथंच पायरीवर बसून हसत सुटला. मावशींनी एजंटपुढं कप ठेवला. "घ्या. चा-नाश्ता मीच बनवते."

दोन वर्षांनी माझी बदली आली. तीही ऑनलाइनच, बसल्या जागी, एका बटणावर. माहेरच्या तालुक्यात जायचं म्हणून मी कितीदा अर्ज भरला होता, आणि मिळाल्यावर जेवण गोड लागेना. निरोप घ्यायला मावशींकडं गेले तर दोन्ही खोल्या सताड उघड्या, रिकाम्या, आणि पाटी 'नाय'वर. मी म्हटलं, "मावशी, पाटी चुकली तुमची."

"खोल्या हायत," त्या म्हणाल्या, "पन आज मी नाय."

मी रडले. लपवायचं काय त्यात. मावशींनी पदरात तांदळाचं पीठ बांधून दिलं आणि सांगितलं, घाटावरच्या पिठाची भाकरी फुगत नाही.

इथं घाटावरची पोरंही 'हाय'च म्हणतात. हल्ली माझं लाल पेन वर्षभर पुरतं. यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी मी मावशींना लिहिलं, "मावशी, दोन दिवस यावं म्हणते. जागा आहे का?"

जरा वेळ फोनवर 'लिहीत आहे' असं दिसत राहिलं, मग उत्तर आलं. माइकवर बोललेलं नव्हतं, बोटानं एकेक अक्षर शोधून लिहिलेलं होतं. "आहे." 'ह' अगदी जागच्या जागी. माझ्याच हातचं शिक्षण, आणि मलाच ते परकं वाटलं. मी फोन बाजूला ठेवणार, तेवढ्यात तो शब्द खोडला गेला. मावशींना खोडताही यायला लागलं होतं. मी वाट बघत बसले. बराच वेळ त्या लिहीत होत्या.

मग आलं: "चुकून नव्या गिराईकाला लिवते तसं लिवलं. हाय बाई हाय. कदी बी या."