मागच्या भिंतीवरचा लाल उजेड

गाडी बिघडली की आमच्याकडच्या पुरुषांना बॉनेट उघडल्याशिवाय चैन पडत नाही. आत काय बघायचं हे ठाऊक असण्याची गरज नसते. कमरेवर हात ठेवून वाकायचं, एखादी नळी हलवायची आणि गंभीर चेहऱ्यानं "हं" म्हणायचं. मुर्री गावातल्या आमच्या घरी त्या सकाळी असे दोघं वाकले होते. एक माझे भाटवे, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान. दुसरा त्यांनी फुलचूरहून आणलेला मेकॅनिक, ज्यानं गाडीत बसल्याबसल्या डाव्या पायानं क्लच शोधला होता. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो, हे त्याला मी सांगितलं. त्यावर तो माझ्याकडे नाही, भाटव्यांकडे बघून हसला.

गाडी बाबांची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सापडून त्यांचा डावा पाय निकामी झाला, तेव्हा ही घेतली. रोज सकाळी ते तिच्यातून धानाच्या बांधीपर्यंत, म्हणजे शेतापर्यंत, जात, काच खाली करून पाणी बघत, गड्यांवर दोनदा ओरडत आणि खुशीत परत येत. दिवसभरात त्यांचं बाहेर जाणं ते एवढंच. भाटव्यांनी पुतण्याच्या लग्नाला म्हणून गाडी नेली होती, ती आदल्या रात्री आणून लावली. सकाळी इंजिन सुरू झालं, पण गिअरचा दांडा 'पी'वरून, म्हणजे गाडी उभी करायच्या जागेवरून, जागचा हलेना.

मेकॅनिकनं "गिअरबॉक्स गया, नागपुर में ही खुलेगा" असा निकाल दिला आणि मोटरसायकलवर बसून चालता झाला. भाटव्यांच्या चेहऱ्यावर दुःख काही दिसलं नाही. त्या गाडीवर त्यांचा डोळा ती आली त्या दिवसापासून होता. गाडी मी नेतो, बघतो काय होते ते, असं म्हणत त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला फोनही लावला. 'पी'मध्ये अडकलेल्या गाडीची चाकं फिरत नाहीत. ती दोरीनं ओढत नेणार म्हणजे नांगरच चालवणार होते. पण अतिशहाण्याला कोण सांगणार?

बाबा मात्र मेकॅनिक उतरताच पुन्हा चालकाच्या जागेवर येऊन बसले होते. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. भाटवे खिडकीशी वाकून म्हणाले, "बाबा, आता कायले जिद्द करून राहिले? एका पायानं गाडी चालवाचं वय राहिलं का तुमचं?"

ज्यांच्या आवाजानं बांधीतले बगळे उडायचे, ते बाबा दांड्याची मूठ पुसत बसले होते. मला भाटव्यांचा इतका राग आला की हातातला चहा त्यांच्या डोक्यावर ओतावासा वाटला. पण जावई म्हणजे देव, त्याला चहा कपातूनच द्यायचा असतो.

चहा घेऊन मी गाडीच्या मागे उभी होते. आमच्यात पुरुष बॉनेटपाशी आणि बायका मागे, हे ठरलेलं. आमची गाडी अंगणातल्या छपराखाली, चुन्यानं रंगवलेल्या भिंतीकडे पाठ करून असते. रोज बाबांनी ब्रेक दाबला की ती भिंत लाल होते. त्या दिवशी बाबा सवयीनं ब्रेक दाबून दांडा ओढून बघत होते आणि भिंत पांढरीफटक होती.

मी ते मोठ्यानं सांगितलं. भाटवे म्हणाले, लाइटचा आणि गिअरचा काय संबंध? बाबांनी मात्र माझ्याकडे मान वळवली.

"माय, एकही लाइट नाही लागून राहिली?"

"एकही नाही, बाबा."

"मंग गाडीले कसं समजन, मी ब्रेक दाबला म्हणून?"

तेवढंच होतं. ब्रेक दाबल्याचा निरोप पोचला नाही, तर ही गाडी दांडा सोडत नाही. मी डिकी उघडली. ब्रेकलाइटच्या वायरला चिकटपट्टीनं दुसरी वायर जोडलेली होती. ती डिकीच्या बिजागरीत चेंगरून तिचं तांबं उघडं पडून पत्र्याला टेकलं होतं. तिच्या टोकाला मागच्या काचेवर लुकलुकत्या दिव्यांची माळ. पुतण्याच्या वरातीत ब्रेक दाबला की चमकावी म्हणून भाटव्यांनी हौसेनं बसवलेली. मी ती उपटली. स्टिअरिंगखालच्या डबीतला जळालेला फ्यूज काढून झाकणातला तेवढ्याच क्षमतेचा दुसरा लावला. बाबांनी ब्रेक दाबला. भिंत लाल झाली, दांडा खट्‌कन खाली आला.

भाटवे म्हणाले, मले वाटलंच होतं.

बाबांनी माळ मागितली, नीट गुंडाळली आणि खिडकीतून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. "जवाईबापू, हे तुमचं."

भाटव्यांनी ती घेतली आणि बसस्टँडवर सोडता का, असं विचारलं. बाबांनी गाडी पुढे घेतली.

"मी बांधीकडं जाऊन राहिलो," ते म्हणाले. "तुमचा ट्रॅक्टर येऊन राहिला ना?"