पाय आत घ्या

पाठ दुखते म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि पन्नाशीला दोन वर्षं उरलेली असताना मी हर्सूलच्या एका जिममध्ये जायला लागलो. पहिल्या दिवशी पायात जाड, मऊ तळाचे पळायचे बूट होते. खांद्यावर वजन घेऊन बैठक मारायला गेलो तर आधी डावीकडे झुकलो, मग उजवीकडे. तिथले कोच जुने पैलवान. ते शांतपणे म्हणाले, "सर, गादीवर उभं राहून कुणी वजन उचलतं का? काढा ते. पैरां से जमीन पकडो."

मी बूट काढले. अंगठा, करंगळी आणि टाच जमिनीत कशी रोवायची ते त्यांनी दाखवलं. वजन तेच होतं, पण मी हललो नाही. समजूतदार माणूस इथं थांबला असता.

जिमच्या दारावर 'बुटांशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी होती. आतल्या मारुतीच्या तसबिरीलासुद्धा सगळे बुटांसकट हात जोडायचे. म्हणून मी अनवाणी वाटावं यासाठी बनवलेले बूट मागवले. असे बूट मिळतात. तळ पापडाएवढा पातळ, पुढे बोटं पसरायला ऐसपैस जागा. पायात काहीच नाही असं वाटायला पायात घालायची वस्तू. बायकोनं ते पहिल्याच दिवशी मोज्यांबरोबर धुवायला टाकले.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी टेबलाखाली पाय मोकळे करून सगळ्यांना अंगठा, करंगळी, टाच हे तीन बिंदू समजावून सांगू लागलो. माणूस हजारो वर्षं अनवाणीच होता, हे मी इतक्यांदा ऐकवलं की एकदा आमचे हेडक्लार्क म्हणाले, "साहेब, माणूस हजारो वर्षं बिनडब्याचाही होता. आता जरा जेवू द्या."

घरी मात्र मला मन लावून ऐकणारे श्रोते होते, माझे वडील, दादा. आम्ही धनगर. दादांचा जन्म अजिंठ्याकडच्या डोंगरात मेंढरांमागे गेला. आई गेल्यावर मी त्यांना शहरात, माझ्या फ्लॅटवर आणलं. संध्याकाळी जिममधून आलो की मी त्यांना सांगायचो, पायाखालची जमीन कळली पाहिजे, बोटं मोकळी पाहिजेत. दादा खुर्चीत बसून ऐकायचे आणि "व्हय" म्हणायचे. तेव्हा त्यांच्या पायात जाड, मऊ तळाचे, बाजूला चकाकती पट्टी असलेले बूट असायचे. मीच आणलेले.

आता ते सांगायलाच हवं.

फ्लॅटच्या वास्तुशांतीला ऑफिसची मंडळी आली होती. दादा हॉलमध्ये सतरंजीवर पाय पसरून बसले होते. रुंद पाय, एकमेकांपासून लांब गेलेली बोटं, टाचांना भेगा. बड्या साहेबांच्या बायकोची नजर तिकडे गेली, निदान मला तसं वाटलं. मी वाकून दादांच्या कानात म्हणालो, "दादा, पाय आत घ्या." त्यांनी घेतले. दुसऱ्या दिवशी मी ते बूट आणले आणि घरातही घालत जा, फरशी गार असते, असं सांगितलं. मे महिना होता.

दादांनी दीड वर्षं ते बूट उठल्यापासून झोपेपर्यंत घातले. हळूहळू त्यांचा तोल जायला लागला. भिंत धरून चालू लागले. मी म्हणालो वय झालं. डॉक्टरही तेच म्हणाले, त्यामुळे मला बरं वाटलं. गेल्या महिन्यात ते बाथरूमच्या उंबऱ्याशी पडले आणि मनगट मुरगळलं. मी त्यांना धरून उभं केलं तर ते आधी डावीकडे झुकले, मग उजवीकडे. ते झुकणं माझ्या ओळखीचं होतं. कोचांसमोर मी असाच झुकलो होतो.

त्यांना खुर्चीत बसवून मी खाली बसलो आणि बूट काढले, मग मोजे. पाय पांढुरके आणि मऊ पडले होते. बोटं एकमेकांना चिकटून बसली होती. भेगा भरून आल्या होत्या. बड्या साहेबांच्या बायकोला दाखवण्यासारखे झाले होते पाय.

लोकर कातरायच्या दिवशी दादा आधी वहाणा काढून बाजूला ठेवायचे, पाय पसरून मातीत रोवायचे आणि मगच मेंढा गुडघ्यांत धरायचे. वहाणा घालून कुणी मेंढ्याला हात लावला तर म्हातारी माणसं त्याला तिथून उठवायची. पाय सरकला की मेंढा उसळतो आणि कातर भलतीकडे जाते. हे मी लहानपणी दर कातरणीला पाहिलं होतं. तेच मी जिममध्ये फी भरून शिकलो आणि घरी येऊन दादांनाच शिकवत बसलो.

"दादा, वास्तुशांतीला मी तुम्हाला पाय आत घ्या म्हणालो होतो. चुकलं माझं."

दादांनी पायाची बोटं जरा हलवून बघितली. "म्हणला व्हतास," ते म्हणाले. मग हलक्या आवाजात विचारलं, "मंग आता घरात काढले तर चालंल का?"

या प्रश्नाला नीट उत्तर द्यायची संधी मला पुढच्या रविवारी मिळाली. दादा पडल्याचं कळून हेडक्लार्क आणि आणखी एकजण भेटायला आले. दादा सतरंजीवर अनवाणी बसले होते, पाय पसरून. आज काही लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं. म्हणून मी पाहुण्यांना म्हणालो, हा अंगठा बघा, आता सुटायला लागलाय, अनवाणी पाय असा असतो. वाकून बोटानं करंगळी दाखवली, टाच दाखवली. दोघं पुढे झुकून बघू लागले, बाजारात जनावराचे खूर बघतात तसे.

दादांनी हळूच पाय आत घेतले.

या वेळी तर मी तसं काही म्हणालोही नव्हतो. माझं बोलणं अर्धवट राहिलं. हेडक्लार्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा मिळेल का विचारलं. मी चहा सांगितला, दादांशेजारी सतरंजीवर बसलो आणि माझेही पाय पसरले. हेडक्लार्क त्यांच्या पुतण्याच्या लग्नात जेवणाचा कसा गोंधळ झाला ते सांगू लागले. वाढपी पळून गेल्याचं ऐकून दादा हसले. त्या हसण्यात त्यांचा एक पाय बाहेर आला, थोड्या वेळानं दुसरा.

मी तिकडे बघितलं नाही.