बाविसावा फोटो

मिठागरवाल्याच्या घरात जन्मलेला माणूस धातूच्या वस्तूवर सहसा विश्वास ठेवत नाही. आमच्याकडे नवी सायकल दोन पावसाळ्यांत खंगायची, कडीकोयंडे हातात यायचे आणि वडील दर रविवारी ट्रंकेच्या बिजागऱ्यांना खोबरेल लावत बसायचे. पुढे माझी सगळी नोकरी अलिबागच्या कोर्टात कारकुनी करण्यात गेली. साक्षीदार पिंजऱ्यात येणार, खरं सांगेन म्हणून शपथ घेणार आणि मग ठरवून आलेलं तेवढंच सांगणार, हे मी खालच्या टेबलावरून इतकी वर्षं ऐकलं की आता घरी आलेला पाहुणा "नुकताच जेवून आलो" म्हणाला तरी मी त्याच्या तोंडाकडे निरखून बघतो. मासळीबाजारात कोळीण म्हणते, "ताजा हाय रे, हात नको लावू," आणि मी आधी कल्ला उचलून बघतो. अशा माणसाने जुना रोलचा कॅमेरा घ्यायच्या फंदात पडू नये. मी निवृत्त झाल्यावर पडलो.

तरुणपणी माझ्याकडे एक होता. घर बांधताना तो विकला आणि त्याची चुटपुट मनात राहिली. हातातल्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत, त्यातला एकही मी दुसऱ्यांदा बघितलेला नाही. छत्तीस फोटोंचा रोल घालावा, प्रत्येक फोटोआधी विचार करावा, असं पुन्हा एकदा करायचं होतं. पण पहिला कॅमेरा कुरियरने आला तो लेन्समध्ये बुरशी घेऊन. टॉर्च मारली तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. दुसरा किहीमला बंगला असलेल्या एका साहेबांचा. "अगदी क्वचित वापरलाय हो," असं ते सांगत असतानाच मी लेन्सची कडी फिरवली आणि ती करकरली. टेबलावर चिमूटभर वाळू पडली. मी ती त्यांच्यासमोर बोटाने गोळा केली आणि उठलो.

"आता कॅमेऱ्याचेही कल्ले बघा," बायको म्हणाली. ती थट्टा करत होती. मला ती सूचना पटली.

तिसऱ्या कॅमेऱ्याची खबर एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. श्रीवर्धनला सुपारीची वाडी असलेल्या एका बाईंचा होता, म्हणजे त्यांच्या यजमानांचा. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. फोनवर बाई म्हणाल्या, "किमतीचं बघू नंतर. आत एक रोल अर्धवट राहिलाय. तो धुऊन त्याचे फोटो मला आणून द्यायचे, एवढी एक अट आहे." मी फोन ठेवला आणि लगेच शंका काढत बसलो. किमतीचं नंतर का? तीन वर्षं रोल धुतला का नाही? सरळ विकायचं सोडून ही अट कशाला?

दिवाळीनंतर एका सकाळी स्कूटर काढली, आगरदांड्याला फेरीबोटीत चढवली आणि दिघीमार्गे श्रीवर्धन गाठलं. वाटेत खारा वारा लागून कॅमेरा खराब होऊ नये म्हणून येताना गुंडाळायला तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतल्या होत्या. न घेतलेल्या कॅमेऱ्याची एवढी काळजी मी करत होतो. लोकांवर विश्वास नसला तरी वस्तूचा मोह असतोच.

अंगणात सुपारी वाळत घातली होती. बाई सत्तरीच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. पडवीत टेबलावर धुतलेल्या पंच्यावर कॅमेरा ठेवला होता. काळा, जड, जपानी बनावटीचा, आणि त्याला पन्नास मिलिमीटरची लेन्स. बघताक्षणी मला तो हवा होता आणि म्हणूनच मी जास्त सावध झालो.

"आधी सांगते," त्या म्हणाल्या. "वरचा आकडा बघा. बावीस आहे ना? एकवीस फोटो ह्यांनी काढले. बाविसावा मी काढला. ह्यांचा. जन्मात मी काढलेला तो एकच फोटो. हे विहिरीपाशी उभे होते. सारखे ओरडत होते, फोटोत माझी मान कापशील हं, मान कापशील. नंतर दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत. इथल्या स्टुडिओत आता रोल धूत नाहीत. मुंबईला कोणाच्या हाती द्यावा, तर हरवतील. म्हटलं, ज्याला ह्या वस्तूची माया आहे त्याच्याच हाती द्यावा."

मी मान डोलावली.

"मला काही नको हो. मान कापली होती का नाही, एवढंच बघायचंय. मागचं झाकण मात्र उघडू नका," असं म्हणून त्या आत गेल्या. "सरबत करते."

मी टॉर्च काढली. लेन्स आरशासारखी स्वच्छ. या किनाऱ्यावर तीन वर्षं पडून असलेली लेन्स इतकी स्वच्छ? कोणीतरी उघडून पुसलेली दिसते, मी मनात नोंद केली. मलिन असती तर मलिन म्हणून नाकारली असती, ही गोष्ट आज कळते. शटरचा आवाज ऐकायचा, तर कळ दाबली की एक फोटो वाया जाणार. रोल गुंडाळायचं चाक हलकेच फिरवून बघितलं, ते घट्ट लागलं. आत रोल ताणलेला असला तर ते घट्टच लागतं, हे मला माहीत होतं. पण आतून गंजलेलं असलं तरी घट्टच लागतं, हेही माहीत होतं.

मग झाकणाच्या सांध्यात ती पांढरी पूड दिसली.

सांध्यात, खालच्या स्क्रूच्या खाचेत, पट्ट्याच्या कडीपाशी. बारीक, पांढरी, कोरडी. ती बघून माझ्या अंगात मिठागर जागं झालं. हा कॅमेरा समुद्राच्या पाण्यात पडलेला आहे. वाळवून, पुसून, पंच्यावर मांडून ठेवलेला आहे. आत सगळा गंज असणार, आणि तो कोणी बघू नये म्हणून ही रोलची गोष्ट. विहीर, मान, दवाखाना, सगळं रचलेलं. कोर्टात यापेक्षा जास्त रडवणाऱ्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. मला संताप आला. एवढ्या लांबून बोलावून मला, मिठागरवाल्याच्या मुलाला, मीठ लागलेला कॅमेरा विकतात?

मी चाक वर ओढलं. झाकण उघडलं.

आत गंजाचा ठिपकाही नव्हता. आत रोल होता. तपकिरी, चकचकीत, ताणून बसलेला, आणि पडवीतला अकरा वाजताचा उजेड त्याच्यावर पडला होता. किती वेळ? मी झाकण बंद केलं तेव्हा तीन सेकंद झाले असतील. कोर्टात मी तीन सेकंद म्हणून सांगितलं असतं. पाच असतील. बघताक्षणी हातांनी काम थांबवलं होतं.

वरचा आकडा बाविसावरून शून्यावर गेला होता. झाकण उघडलं की तो जातोच.

तेव्हा कुठे मी बोटाला लागलेली पूड जिभेवर ठेवली. आमच्या घरी मीठ ओळखायची हीच रीत होती. वडील डोळ्यांनी बघून मीठ आहे असं कधी म्हणायचे नाहीत, आधी जीभ लावायचे. पूड खारट नव्हती. पिठूळ होती, किंचित कडवट.

बाई कोकम सरबताचे पेले घेऊन आल्या. "तांदळाच्या डब्यात ठेवते मी ह्याला," त्या म्हणाल्या. "दमटपणा लागत नाही. बोरिक पावडर लावलेले तांदूळ, त्यामुळे जरा पांढरं लागतं. पुसलं तरी फटीत राहतंच. पुसून घ्या हं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर आले होते. मी सरबत प्यायलो. त्यांनी कॅमेरा उचलून पदराच्या टोकाने पुसला, वरून पुसला, जरा थांबल्या, आणि माझ्या हातात दिला. "नीट न्या," एवढंच म्हणाल्या. किमतीचं बोलणं निघालंच नाही. मी तिन्ही पिशव्यांत तो गुंडाळला.

मांडव्याहून रो-रो बोटीने मुंबईला जाऊन रोल मी स्वतःच दिला. आठवड्याने रोल धुणाऱ्याचा फोन आला. "पहिले सोळा फोटो चांगलेत. पुढचे सहा जळलेत, बाहेरच्या अंगाला होते ना. झाकण उघडलं होतं का कोणी?"

"हो," मी म्हणालो, "कोणीतरी."

इतक्या साक्षी ऐकल्या त्याचा असा उपयोग झाला.

फोटो घेऊन पुन्हा श्रीवर्धनला गेलो. सोळा फोटो सुंदर होते. वाळत घातलेली सुपारी, विहिरीच्या काठावरचं मांजर, धुक्यातली वाडी, सुपात तांदूळ पाखडणाऱ्या बाई, पाठमोऱ्या. त्यांनी एकेक फोटो बघून उपडा ठेवला. सोळावा ठेवल्यावर हात तसाच पुढे राहिला.

"बाविसावा?"

"रोल जुना झाला होता, काकू. शेवटचे काही आले नाहीत."

त्यांनी सोळाही फोटो गोळा करून नीट रचले. मग म्हणाल्या, "तुम्ही निघालात त्या दिवशी आकडा शून्यावर होता. चाळीस वर्षं तो कॅमेरा माझ्या घरात होता, भाऊ. शून्य कधी होतो ते मला कळतं. म्हटलं, सांगतील. मुंबईहून फोन करतील तेव्हा तरी सांगतील. आज तरी सांगतील."

खालच्या टेबलावरून इतकी वर्षं दुसऱ्यांची तोंडं बघितली. त्या दिवशी माझं तोंड कसं झालं असेल ते मला कळलं. मी सगळं सांगितलं. पूड, मीठ, समुद्र, रचलेली गोष्ट. 'तुमच्यावर विश्वास ठेवला नाही' हे वाक्यही म्हटलं. सोबत आणलेला कॅमेरा परत ठेवतो म्हणालो.

"तो घेऊन मी काय करू?" त्या म्हणाल्या. "पुन्हा तांदळात ठेवू? तुमच्याकडे नवा रोल आहे ना? घाला."

पहिल्या प्रयत्नात रोल चाकात अडकेना. मग त्यांनी मला विहिरीपाशी उभं केलं. जरा डावीकडे. अजून जरा. कॅमेरा डोळ्याला लावला, बराच वेळ लावला. "हलू नका," म्हणाल्या, आणि कळ दाबली. ही शिक्षा होती की आणखी काही, तेव्हा मला कळलं नाही. विचारायची हिंमतही नव्हती.

उरलेला रोल मी घाईघाईने वेडावाकडा संपवला, काढले ते फोटो आठवतही नाहीत. तो धुऊन आला आणि पहिला फोटो घेऊन मी तिसऱ्यांदा फेरीबोटीत चढलो.

त्यांनी तो दोन्ही हातांत धरून बघितला. त्यात मी पायातल्या चपलांपासून डोक्यापर्यंत पूर्ण आलो होतो. मागे विहिरीचा रहाट, आणि डोक्यावर वीतभर मोकळं आकाश. बाईंनी अंगठा उचलून फोटोतल्या माझ्या तोंडावर ठेवला आणि उरलेल्या फोटोकडे बघत राहिल्या. बराच वेळ अंगठा हलला नाही.

"म्हणजे मान कापली नव्हती मी," त्या म्हणाल्या. "हेही असेच पूर्ण आले असणार."

"हो," मी म्हणालो.