सहदेवकाकांची दोन बोटं

श्रुतिका मरोळच्या एका छोट्या ऑफिसात इमारतींचं डिझाइन करते. मी मराठीत एमए. मानखुर्दच्या एकाच चाळीत वाढलो आम्ही, तरी ती दिवसभर नेमकं काय करते हे मला यंदाच कळलं.

आमच्या विहाराचा नवा हॉल बांधायचा होता. जुन्या हॉलच्या मधोमध एक खांब होता. श्रुतिकाची आई, लतामावशी, भांडीकुंडी आवरून शेवटी यायची आणि नेमकी त्याच्यामागे बसायची. सख्ख्या भाच्याच्या लग्नात तिने नवरदेवाचा फक्त डावा खांदा पाहिला.

"नव्या हॉलात खांब नको," श्रुतिका कमिटीला म्हणाली.

"रविवारपर्यंत जमवून दाखव," अध्यक्ष नंदकुमारकाका म्हणाले. "नाही जमलं तर खांब येणार. मग रुसायचं नाही."

तिचा प्रोग्राम हजारो बीम, म्हणजे छत पेलणाऱ्या आडव्या तुळया, करून बघतो. रुंदी बदलतो, उंची बदलतो, सळ्या बदलतो. मधल्या खांबाशिवाय भार पेलणाऱ्यांतला सगळ्यात कमी लोखंडाचा बीम ठेवतो. शुक्रवारी उत्तर आलं. खांब गेला होता. ती ऑफिसात नाचली, ते मला फोनवर ऐकू आलं.

शनिवारी आम्ही साइटवर गेलो. पायाचं काम चालू होतं. सहदेवकाका तिथले फिटर, मूळ मालवणचे. चाळीस वर्षं सळ्या बांधतात. ड्रॉइंगवर पाच वेगवेगळ्या जाडीच्या सळ्या होत्या. बीम आणि भिंतीतला कॉलम मिळतात तो सांधा काकांनी जमिनीवरच बांधला आणि सळ्यांमध्ये दोन बोटं घातली. दुसरं अडकलं.

"माजी बोटां जाऊक नाय, तर काँक्रीटातली खडी खंयसून जातली?"

"पण काका, कंप्युटर म्हणतो..."

"कंप्युटराक बोटां आसत?"

मला वाटलं, श्रुतिका आता रडणार. तिने बॅगेतून मोजपट्टी काढली.

"काका, हात द्या."

दोन बोटं भरली अडतीस मिलीमीटर.

"आणि एका बीमला सळ्या किती जाडीच्या चालतील?"

"दोन. तिसरी इली की मानसां चुकतली."

तिने सिमेंटच्या गोण्यांवर लॅपटॉप उघडला आणि दोन नवे नियम घातले. पहिल्याचं नाव ठेवलं 'सहदेव'. सळ्यांमध्ये अडतीस मिलीमीटरहून कमी फट असलेला बीम बाद. पडद्यावर लाल रेघांमागून लाल रेघा उमटू लागल्या. काका चहा विसरून बघत होते.

"इतके माज्यामुळे गेले?"

"हो."

"बरा झाला."

चार वाजता एक हिरवी रेघ आली. शुक्रवारपेक्षा लोखंड थोडं जास्त, बीम चार इंचांनी जास्त खोल. खांब नाहीच. काकांनी ड्रॉइंग दोनदा पाहिलं. "ह्या बांधतंय मी," म्हणाले.

मी नुसती उभी होते. एका माणसाची बोटं गणितात शिरताना मी पहिल्यांदाच पाहत होते. रविवारी नंदकुमारकाकांनी सही केली.

परवा नव्या हॉलात पहिलं लग्न लागलं. लतामावशी नेहमीसारखी शेवटी आली, शेवटच्या रांगेत बसली आणि मान डावीकडे वाकडी केली.

"आई, सरळ बस ना," श्रुतिका म्हणाली. "काही आड येत नाही आता."

मावशी सरळ झाली. बराच वेळ स्टेजकडे बघत राहिली. मग माझ्या कानाशी आली.

"तेजल, नवरदेवाच्या पायात दोन रंगांचे मोजे आहेत गं."