दीड फूट कमी भरलेली भिंत

नोकरी सोडून मी चित्रकार झालो आणि पहिलंच चित्र चुकीच्या भिंतीवर काढलं.

चूक थोडीथोडकी नव्हे, चांगली साडेवीस फूट लांब आणि अकरा फूट उंच. बीड रोडवरनं जाणाऱ्या बसमधून दिसेल अशी.

त्याआधी अकरा वर्षं मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. गाड्यांना लागणारे शाफ्ट समोर यायचे. ड्रॉइंगमध्ये लिहिलंय तेवढं माप भरतंय का ते बघायचं आणि केसाएवढा फरक निघाला तरी लाल टॅग बांधून माल बाजूला ठेवायचा. लाल टॅग बांधण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. फक्त त्या टॅगच्या मागच्या बाजूला मी पेननं माणसांची तोंडं काढायचो. कँटीनवाल्याचं, गेटवरच्या सिक्युरिटीचं, एकदा तर खुद्द साहेबांचं. साहेबांनी ते पकडलं, "नाक मोठं झालंय" म्हणाले आणि घडी करून घरी घेऊन गेले. झालं! तिथनं माझ्या डोक्यात जी हवा शिरली, ती राजीनामा लिहूनच बाहेर पडली.

साहेबांनी राजीनामा वाचला आणि ड्रॉवरमध्ये सरकवला.

"वर पाठवत नाही. रजा शिल्लक आहे तुझी, ती घे. एक काम, एकच, नीट करून दाखव. नाही जमलं तर पुढच्या सोमवारी गुपचूप पाळीवर ये. कागद मी फाडून टाकीन."

घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, "देवमाणूस आहे. तुमचा डबा घासून ठेवते, सोमवारी लागेल."

काम मात्र माझ्याकडं होतं! पाचोडला एकानं नवं मिरची कांडप टाकलं होतं. त्यांचा फोन आला. "आमच्या आईनं उखळात मिरच्या कुटून धंदा उभा केला. आता मशीन आली, पण भिंतीवर आईच पायजे. फोटो पाठवलाय. लिंबाच्या झाडाला लागून पांढरी भिंत हाय, तोंड बाजारतळाकडं, बावीस फूट भरंल. मी मिरची भरायला नंदुरबारला चाललो, बाजाराच्या दिवशी येतो. तुम्ही व्हा सुरू."

मी सुरू झालो. सकाळी मुकुंदवाडीतून गाडी काढली. मागं रंगाचे डबे, पुढं ब्रशांची पिशवी. चौकात कंपनीची बस उभी होती आणि माझी नेहमीची खिडकी रिकामी होती. मी हॉर्न वाजवत उलट्या दिशेनं सुटलो. आडूळपर्यंत हेल्मेटच्या आत गात होतो. आवाज माझा बरा नाही, पण हेल्मेटमध्ये तो मला चांगला वाटतो.

पाचोडला लिंब सापडला, त्याला लागून पांढरी भिंत सापडली, तोंड बाजारतळाकडं. शटर बंद, वर पाटी नाही. नवं दुकान, पाटी कुठून असणार? मी टेप लावला. साडेवीस फूट.

आता इथं थांबून बघा. अकरा वर्षं ज्या माणसानं केसाएवढ्या फरकासाठी लाल टॅग बांधले, त्याच्या समोर चक्क दीड फुटाचा फरक उभा होता. त्यानं काय करावं? त्यानं वहीत लिहिलं, 'मालकाला टेप धरता येत नाही', आणि प्रायमर मारायला घेतला.

लिंबाच्या पलीकडच्या अंगालाही एक पांढरी भिंत होती. मी तिच्याच सावलीत बसून फडक्यातली भाकरी खाल्ली.

तीन दिवस मी शिडीवर होतो, आणि काय दिवस होते ते! दोरीनं चौकटी आखल्या, म्हातारी उभी केली. हिरवं लुगडं, हातात मुसळ, पायाशी लालभडक मिरच्यांचा ढीग. सगळ्यात आधी नाक काढलं, आणि ते मोठं होऊ दिलं नाही. समोरचा चहावाला रोज कप देताना म्हणायचा, "चाचानं धंदा बदलला म्हणा की." मला वाटलं, असेल कुणी चाचा. मी हसायचो. दुसऱ्या दिवशी तर टाळीसुद्धा दिली.

बाजाराच्या दिवशी सकाळी शेवटचा हात मारून खाली उतरलो, तेवढ्यात एका रिक्षातून पिशवी घेऊन एक दाढीवाले चाचा उतरले. गाद्या भरणारे. चार दिवस जालन्याला लेकीकडं होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली, शटरकडं गेले, भिंतीकडं बघितलं, किल्लीकडं बघितलं, परत भिंतीकडं बघितलं.

"मियाँ, मेरी दुकान पे ये बुढी खाला कायको खडी?"

माझ्या हातातला ब्रश लाल रंगाच्या डब्यात पडला.

"पेंटर साब," चाचा आता मराठीत आले, "हे गादीचं दुकान हाय. वर मिरच्या कुटायलेत. गिऱ्हाइकाला झोप यायची का ठसका लागायचा?"

बाजार जमला. त्यातच नंदुरबारचा टेम्पो आला. मालक आईला चित्र दाखवायला मुद्दाम वस्तीवरनं घेऊन आले होते. ते उतरले आणि लिंबाच्या पलीकडं बोट दाखवून ओरडले, "अहो पेंटर, आमची भिंत ती! तिच्यावर टिपका नाय एक!"

मला डबा दिसायला लागला. घासलेला, पालथा घातलेला, सोमवारची वाट बघत असलेला.

"पुसतो," मी म्हणालो. "आत्ता पांढरं करतो. तिकडं नवीन काढून देतो."

"पुसतो?" म्हातारी काठी टेकत पुढं आली. "आरं, जित्या माणसाला पुसतो व्हय?" तिनं भिंतीवरच्या स्वतःला खालीवर बघून घेतलं. "नाक माझंच हाय," ती म्हणाली. "पण बघूनच खांदे दुखायलेत. जन्मभर कुटलं. चाचाच्या दारातबी कुटूच का?"

चाचांनी दाढीवरनं हात फिरवला.

"बैठने दो उनको," ते म्हणाले. "मुसळ काढ, पेंटर. खाली गादी घाल. गादी मी सांगतो तशी."

आणि त्यांनी सांगितली! शिडीखाली उभं राहून दिवसभर सांगितली. "पट्टे सरळ नको, बसल्या जागी दबले पायजेत. कडा फुगव. अजून फुगव, कापूस का तुझ्या बापाचा हाय?" संध्याकाळी म्हातारी मिरच्यांचा ढीग बाजूला सारून गुबगुबीत गादीवर मांडी घालून बसली होती आणि बाजारातली माणसं पिशव्या खाली ठेवून फोटो काढत होती. उरलेल्या रजेत पलीकडच्या भिंतीवर तिला मुसळासकट उभं केलं. आधी टेप लावला. बावीस फूट, बरोब्बर. सलूनवाला आणि मोटार रिवाइंडिंगवाला नंबर लावून गेले. जाताना म्हणाले, "फक्त भिंत आम्ही हाताला धरून दाखवू."

सोमवारी मी कंपनीत गेलो, पण डबा न घेता. साहेबांनी फोनवरचे फोटो दोन बोटांनी मोठे करून बघितले.

"एक काम म्हणालो होतो. ह्या दोन भिंती कशा?"

मी सगळं सांगितलं. दीड फुटासकट.

"माप जुळलं नव्हतं, तरी सुरू केलंस?"

"हो."

साहेबांनी ड्रॉवर उघडला, माझ्या कागदावर सही केली, टेबलावरचा फोन उचलला आणि माझ्या जुन्या डिपार्टमेंटला म्हणाले, "अकरा वर्षांत ह्यानं पास केलेला माल कुठंकुठं गेलाय, त्याची आधी यादी काढा."