माझ्या गाडीचं भाडं कोणी दिलं

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही — आणि त्याला तर मी भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा संध्याकाळी हातवारे करून सांगते. मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही अमरावतीत आमच्या गल्लीत राहत नाही, म्हणून असेल.

तशी मी कडक बाई. मोर्शीच्या शाळेत गणित शिकवते. कॉपी करणाऱ्या पोराकडे मी नुसतं पाहिलं तरी तो स्वतःहून चिठ्ठी काढून देतो. मॅडम म्हणजे सरळ रेघ, असं लोक म्हणतात. म्हणू देत बिचारे.

तर — गाडी. आयुष्यातली पहिली, माझ्या पगाराची. वर्ष व्हायच्या आत तिचा गिअरबॉक्स बसला, तोही मोर्शीच्या रस्त्यावर, ऐन शाळेच्या वेळेला. वॉरंटी होती, म्हणून शोरूमवाल्यांनी ती अकोल्याला उचलून नेली. दुरुस्ती फुकट, पार्ट आला की झालं, म्हणाले. पार्ट बैलगाडीनं निघाला असावा. महिना गेला, दुसराही सरत आला. गुडघ्यांना एस.टी.ची पायरी झेपत नाही — मी शाळेत जायचं कसं? भाड्याची गाडी केली तर पैसे कोणाचे? वॉरंटीत भाडं बसत नाही, हे तिथला मॅनेजर फोनवर इतक्या गोड आवाजात सांगायचा, की रागावायचं सोडून त्याच्या तब्येतीची चौकशी करावीशी वाटे.

इथे विनोदभाऊ येतो. आमच्याच गल्लीतला, दोन गाड्या भाड्यानं चालवणारा. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून भाऊबीजेला मीच ओवाळते. लगीनसराई असूनही त्यानं एका गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. भाड्याचं विचारलं, तर म्हणाला, "कंपनी देत असन तं घेतो, ताई. तुमी देत असान तं नाई. बहिणीकडून भाडं घेऊ काय?"

कंपनी देत नाही, असं मी सांगितलं. तेव्हा ते खरं होतं. पुढचं काही खरं नाही, म्हणून एवढं तरी नीट सांगून ठेवते.

मी ती गाडी थाटात पळवली. तो लग्नाची गिऱ्हाइकं परत पाठवत होता, गाडीचा हप्ता मात्र भरतच होता. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं की! म्हणूनच एका सुट्टीच्या दिवशी पदर खोचून अकोल्याला गेले आणि शोरूममध्ये असा तास घेतला, की नवी गाडी बघायला आलेलं एक कुटुंब हळूच निघून गेलं. शेवटी मॅनेजर नमला. रोख देता येत नाही, पण भाड्याचं बिल आणा, तेवढ्याचं सामान तुमच्या गाडीत बसवून देतो, म्हणाला.

आता काय म्हणायला हवं होतं, हे पाचवीतलं पोरगंही सांगेल. गाडी ज्याची वापरली, त्याच्या गाडीत बसवा — एवढंच. पण समोर सीट कव्हरं टांगलेली होती. मरून रंगाची. मी बोटानं दाबून पाहिली — आणि तिथेच घसरले.

विनोदभाऊकडे बिल मागितलं. शाळेत दाखवायचंय, म्हणाले. हेच ते खोटं. घाबरून नाही, अडचणीत नाही — सीट कव्हरांसाठी. त्यानं एक प्रश्न विचारला नाही. उलट अक्षर चांगलं यावं म्हणून मुलीकडून लिहून घेतलं.

गाडी घरी आली, तेव्हा तो पेढे घेऊन बघायला आला. सीटवर बसला, मागे टेकला, हात फिरवला. "मस्त हायेत, ताई! मायाबी गाडीले असेच पायजे." त्याच्या सीटांवर तेव्हा जुने टॉवेल अंथरलेले असायचे. कंपनीनं दिलेत, एवढं मी म्हणाले आणि चहा टाकायला आत पळाले.

पुढे त्याच्या बायकोकडून कळलं, की त्या लगीनसराईच्या कमाईवर घराचा स्लॅब टाकायचा होता. तो राहिला, आणखी एक पावसाळा टिनाखाली गेला. तिनं हे हसत सांगितलं. मीही हसले. का हसले? लाज वाटत होती, खूप वाटत होती — पण लाज वाटून घेतली की मला झोप चांगली लागायची.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. धामणगावहून पाहुणे आणायचे आणि नेमक्या त्याच्या दोन्ही गाड्या बंद. मी धावत जाऊन किल्ली दिली. वाटलं, चला, फिटलं एकदाचं! दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी आणली ती धुऊन, टाकी भरून. आणि नोटा पुढे केल्या. मी नको-नको म्हटलं, तर तो चक्क रागावला.

"ना, ताई. बहिणीचं फुकट वापरत नसते. भाडं तं घ्याच लागन."

शेजारी त्याची बायको उभी होती, दारात माझा नवरा. सांगायची याहून चांगली वेळ कोणती होती?

मी भाडं घेतलं.